दीर नगरसेवक, आणि गटाराची फरशी फुटलेली

पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं, किनाऱ्यावरचं, नगरपरिषदेचं. नाव छापू नका. आमच्या वाडीच्या वळणावर गटारावरची सिमेंटची फरशी मार्चपासून फुटलेली आहे. पाऊस सुरू झाल्यावर वरून पाणी वाहतं, त्यामुळे भोक दिसतही नाही. जुलैमध्ये सासूबाई (वय ७४) तिन्हीसांजेला देवळातून येताना त्यात पाय जाऊन पडल्या. उजवं मनगट मोडलं. वळणावरचा दिवा बंद होता, तो अजून बंदच आहे.

मी फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. अंगठे भरपूर आले, पुढे काही नाही. आमच्या प्रभागाचे नगरसेवक माझे चुलत दीर. त्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘बघूया वयनी, पावस जांव दी आदी.’ नगरपरिषदेत विचारलं तर म्हणे रस्ता बांधकाम खात्याचा, आणि बांधकाम खात्यात म्हणतात गटार नगरपरिषदेचं. लेखी तक्रार द्यायचं मी बोलून दाखवलं तर घरातले सगळे अंगावर आले. भावकीतल्या माणसाविरुद्ध कागद द्यायचा? चतुर्थीला एकाच माटवीखाली आरतीला उभं राहायचं आहे! वाडीतली मुलं म्हणतात, काकी, आम्हीच चिरा टाकून भोक बुजवतो. मी काय करू?

— एक सून

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न चार-पाच आहेत, पण गाडी अडली आहे ती एकाच जागी. ‘भावकीतल्या माणसाविरुद्ध कागद.’ तो सोडवला की बाकीचं टपालाचं काम आहे. माझी सगळी नोकरी नगरपरिषदेत गेली, त्यातली बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

अर्ज लिहायचा तो मुख्याधिकाऱ्यांना. नगरसेवकाला नव्हे, आणि नगरसेवकाविरुद्ध तर मुळीच नव्हे. फरशी बदला असा आदेश कर्मचाऱ्याला देण्याचा अधिकार तुमच्या दिरांकडे नाहीच. ते सभेत विचारू शकतात, मागे लागू शकतात, निधीसाठी भांडू शकतात. रस्ते आणि गटारं नीट ठेवणं, दिवे लावणं, वाटेतले अडथळे आणि धोकादायक जागा दूर करणं ही नगरपरिषदेची बंधनकारक कामं आहेत. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये ती लिहिलेली आहेत, आणि ती करून घेणारा कार्यालयाचा प्रमुख म्हणजे मुख्याधिकारी. तेव्हा तुमच्या अर्जात दिरांचं नावसुद्धा येण्याचं कारण नाही.

उलट आत्ता तुम्ही जे करताय त्यानेच नातं अवघडतंय. दिसला की सांगायचं, लग्नात गाठ पडली की आठवण करायची, ही तुमची तोंडी विनंती म्हणजे त्यांच्याकडे मागितलेला उपकार आहे. त्यांनी केलं तर तुमच्यावर ओझं, नाही केलं तर मनात अढी. लेखी अर्ज हे कार्यालयाला दिलेलं काम असतं. त्यात ना उपकार, ना अढी. शिवाय सभेत उभं राहून बोलायला नगरसेवकाच्या हातात काहीतरी लागतं. ‘आमच्या वाडीतल्या फरशीचं बघा’ याला कोणी विचारत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारलं तर अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर पुन्हा माणसं निवडून आली आहेत, आणि नव्या माणसाला काम दाखवायचं असतं. दिरांना ती संधी द्या की.

म्हणून देण्याआधी अर्जाची एक प्रत घेऊन त्यांच्या घरी जा. संध्याकाळी, चहाच्या वेळेला. ‘भावजी, हा मी उद्या देतेय, तुम्हांला आधी दाखवायला आणला,’ एवढंच. परवानगी मागू नका, सांगून या. जमलं तर सहीही घेऊन या, पण त्यांची नव्हे, जाऊबाईंची. त्याही त्याच वळणावरून देवळात जातात ना? आणि नगरपरिषदेच्या प्रभागात नगरसेवक सहसा दोन असतात. दुसऱ्यालाही प्रत पोचली पाहिजे. का, ते तुम्हांला समजावून सांगायला नको.

आता ‘पाऊस जाऊ दे’चं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. डांबराचं काम भर पावसात होत नाही. ओल्या खडीला डांबर धरत नाही, आपल्याकडे पावसाळ्यात डांबराचे प्लांटही बंद असतात. खड्ड्यांत त्या दिवसांत फार तर खडी-ग्रीट भरतात किंवा पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी चाकरमानी यायचे म्हणून सगळ्या खात्यांना एकदम रस्ते आठवतात. पण गटाराची फरशी ही तयार ओतून ठेवलेली वस्तू आहे. ती आणून बसवायला डांबर लागत नाही, ऊन लागत नाही. चार माणसं आणि एक दुपार पुरते. तेव्हा दिरांना, आणि अभियंत्यालाही, हा फरक शांतपणे सांगा. पाऊस हे रस्त्याचं कारण आहे, फरशीचं नाही.

फरशी फुटली कशाने हेही बघून ठेवा, अर्जात उपयोगी पडतं. या फरश्या माणसाच्या वजनासाठी ओतलेल्या असतात. वळणावर कोणाचं घर बांधायला चिऱ्यांनी भरलेला ट्रक किंवा वाळूचा डंपर चाक चढवून गेला की तडा जातो. दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं. खारं वारं आणि ओल आत शिरते, लोखंडी सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून टाकते. खालच्या अंगाने सळ्या दिसत असतील, तांबडे ओघळ असतील, तर शेजारच्या दोन-तीन फरश्याही त्याच वाटेवर आहेत असं समजा. त्यांचाही उल्लेख करा. नाहीतर एक बदलून जातील आणि पुढच्या पावसात बाजूची बसेल. शहरात माणसं फूटपाथवरून चालतात. आपल्या गावांत रस्ता एका गाडीचा, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, आणि पायी चालणाऱ्याला जागा कुठली तर गटारावरची फरशी. आपला फूटपाथ तोच. अभियंता ‘गटाराची किरकोळ दुरुस्ती’ म्हणून कागद खाली सरकवायला लागला तर हे त्याला सांगायचं, की इथून म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं चालतात, कारण दुसरीकडे चालायला जागाच नाही.

रस्ता कोणाचा, या टोलवाटोलवीवर एक जुनी युक्ती आहे. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड शोधा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग. दगडच नाही आणि रस्ता वाडीत शिरून संपतो, तर तो बहुतेक नगरपरिषदेचा. पण कित्येक गावांत बाजारातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकामाचा आणि कडेचं गटार नगरपरिषदेने तिच्या निधीतून बांधलेलं, अशी सरमिसळ असते. तुम्हांला मिळालेली दोन्ही उत्तरं त्यामुळे एकाच वेळी खरी असू शकतात! त्यात तुम्ही पडू नका. एकच अर्ज दोघांना द्या आणि त्यात एक शब्द आवर्जून घाला: ‘संयुक्त पाहणी’. दोन्ही खात्यांची माणसं एका वेळी त्या भोकाशेजारी उभी राहिली की एकमेकांकडे बोट दाखवायला अडचण होते. आणि हे भोक केबलवाल्या कंपनीने खोदून ठेवलेल्या चराजवळ असेल तर तेही लिहा. रस्ता खोदायला परवानगी लागते आणि पूर्ववत करण्याचे पैसे आधी भरून घेतलेले असतात. ते कुठे गेले, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

अर्ज कसा लिहावा? आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तसा. गावकार आधी स्थळातल्या एकेका देवाचं नाव क्रमाने घेतो, एकालाही वगळत नाही. मग कोणाच्या घरचं, कोणत्या वाडीतलं, काय अडलंय ते सांगतो. मग नेमकं काय हवं ते मागतो, आणि मागचे सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. गेली दहा वर्षं सरकारने काय काय केलं नाही, हे तो मध्ये आणत नाही. मी टेबलावर असताना चार-चार पानी अर्ज यायचे. भ्रष्टाचार, करांची वाढ, कचऱ्याची गाडी, आणि तिसऱ्या पानावर कुठेतरी एक फुटलेली फरशी. अशा अर्जावर ‘धोरणात्मक बाब’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवणं फार सोपं असतं. एका अर्जात एकच दुखणं. नमुना देतो:

प्रति, मा. मुख्याधिकारी, अमुक नगरपरिषद.

विषय: प्रभाग क्र. अमुक, अमुक वाडी येथील वळणावरील गटाराची फुटलेली फरशी तातडीने बदलण्याबाबत.

महोदय, अमुक मंदिराकडून वाडीत येताना डाव्या हाताच्या वळणावर, वीज खांब क्र. अमुक याच्या शेजारी, गटारावरील फरशी मार्च महिन्यापासून फुटलेली आहे. भोक अंदाजे दोन फूट लांब, दीड फूट रुंद असून खाली गटार तीन फूट खोल आहे. पावसाचे पाणी वरून वाहत असल्याने ते दिसत नाही. दि. अमुक रोजी सायंकाळी सात वाजता श्रीमती अमुक, वय ७४, यांचा पाय त्यात जाऊन उजव्या मनगटाचे हाड मोडले. केसपेपरची छायाप्रत सोबत आहे. लगतच्या दोन फरश्यांच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत.

विनंती की, आजच त्या जागी कठडा किंवा अडथळा लावावा, सात दिवसांत फरश्या बदलाव्यात, आवश्यक असल्यास सार्वजनिक बांधकाम विभागासोबत संयुक्त पाहणी करावी आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी.

सोबत: फोटो तीन, केसपेपर. प्रत माहितीसाठी: उपअभियंता, सार्वजनिक बांधकाम, मा. नगराध्यक्ष, प्रभागाचे दोन्ही मा. नगरसेवक.

बस. मापं तुमची तुम्ही टेपने घ्या, माझी उचलू नका. दिव्यासाठी वेगळा अर्ज, दोन ओळींचा. इथे लोक नेहमी गोंधळतात: खांब आणि तारा महावितरणच्या असतात, पण रस्त्यावरचा दिवा लावणं आणि बदलणं नगरपरिषदेचं काम. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक असतो, तो टाकला की वायरमनला शोधत फिरावं लागत नाही. मात्र तार लोंबत असेल, खांब कलला असेल किंवा ओल्या खांबाला झिणझिण्या येत असतील तर अर्ज-बिर्ज काही नाही. त्या बाजूला कोणाला जाऊ न देता लगेच महावितरणच्या १९१२ वर फोन.

फोटो तीन प्रकारचे लागतात. एक लांबून, ज्यात देऊळ, दुकान किंवा ओळखीचं घर दिसतंय, म्हणजे जागा कळते. एक जवळून. आणि एकात मिटलेली छत्री भोकात उभी केलेली, म्हणजे खोली कळते. ग्रुपवर टाकलेले फोटो मुळात ज्या फोनमध्ये आहेत तिथून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख-वेळ राहत नाही. त्या ग्रुपबद्दल बोलायचं तर, शेजाऱ्यांना सावध करायला तो छान आहे, पण अंगठ्याची आवक होत नाही. तिथे एकच काम करा, सह्या कधी घ्यायला येतेय ते टाका. सह्या सात-आठ घरांच्या पुरेत. पन्नास सह्यांचा कागद आला की कार्यालयाला तो मोर्चा वाटतो आणि मग भाषा बदलते.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं कोणी म्हणालं तर हसून तिथेच उभं राहायचं. शिक्का मारायला साहेब लागत नाहीत. जाणं जमत नसेल तर पोस्टाने नोंदणी करून पाठवा आणि पावती जपा. त्याच दिवशी हीच तक्रार राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर टाका आणि मिळालेला टोकन क्रमांक अर्जाच्या मागे लिहून ठेवा. फुटका रस्ता बांधकाम खात्याचा निघाला तर त्या खात्याचं खड्ड्यांसाठीचं वेगळं ॲप आहे, पीसीआरएस नावाचं. त्यावर फोटोसकट तक्रार जाते. गटारासाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

मुलांनी चिरा टाकायचा का? आज धोका आहे, तेव्हा आज काहीतरी करायलाच हवं, यात दुमत नाही. पण बसवून टाकू नका. चिरा दाबाला चांगला, पण दोन टोकांवर आडवा ठेवला आणि मध्ये वजन आलं की तुटतो. तुटून गटारात पडला तर पाणी तुंबतं आणि तेच पाणी वर येऊन कोणाच्या तरी पडवीत शिरतं. मग भांडण नगरपरिषदेशी न राहता शेजाऱ्याशी होतं. त्यात पुन्हा असं, की भोक बुजलेलं दिसलं की पाहणीला आलेला माणूस ‘प्रत्यक्ष जागेवर अडथळा आढळला नाही’ असं लिहून अर्ज निकाली काढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून मुलांना सांगा: दोन बांबू रोवा, आडवी काठी बांधा आणि तिला खताची पांढरी गोण गुंडाळा. पांढरं अंधारात, पावसात दुचाकीच्या दिव्यात दिसतं. आपल्याकडे भोकात चुडत किंवा झाडाची फांदी उभी करतात, ती दिवसा ठीक, पण रात्री ती रस्त्याच्याच रंगाची होते. फळी टाकलीच तर ती जाड, उचलता येणारी हवी, आणि अर्जात ओळ घाला की ‘रहिवाशांनी तात्पुरती फळी टाकली असून फरशी बदललेली नाही.’

आता समजा पंधरा दिवस गेले आणि काहीच हललं नाही. चिडू नका, दुसरा कागद काढा. माहिती अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. ‘फरशी का बदलली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला कार्यालयात कागद नसतो. कागद मागा. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. हे गटार ज्या कामात बांधलं त्याच्या कार्यारंभ आदेशाची प्रत. त्या कामाचा दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेपर्यंत आहे, त्याची नोंद. या तिसऱ्या प्रश्नातच सगळा जीव आहे. काम झाल्यावर ठराविक काळ दुरुस्ती ठेकेदाराने त्याच्या खर्चाने करून द्यायची असते. तो काळ अजून चालू असेल तर ‘निधी नाही’ हे उत्तर उरतच नाही, नगरपरिषदेने ठेकेदाराला पत्र धाडलं की झालं. कित्येकदा हा अर्ज आत पोचल्यावर माहिती यायच्या आधी फरशी येते. माहिती द्यायची मुदत ३० दिवसांची आहे. नाही आली तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. गंमत म्हणजे, रस्ता दुसऱ्या खात्याचा निघाला तर माहिती अधिकाराचा अर्ज पाच दिवसांत त्या खात्याकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे जे उत्तर तुम्हांला तोंडी मिळत नाही, ते तिथे लेखी द्यावं लागतं.

यावरही नाही भागलं तर ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. ठराविक नमुन्यात, पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तिथे एक मेख आहे. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, ‘गावातले रस्ते खराब आहेत’ हे चालत नाही. म्हणून विषय लिहा, ‘माझ्या सासूबाईंना झालेला अपघात आणि दिलेल्या अर्जावर कार्यवाही न होणे’. शेवटचा उपाय प्रांतांकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश ते देऊ शकतात. हे कलम जुन्या फौजदारी संहितेत १३३ क्रमांकाचं होतं. त्याच १३३ खाली मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांवरून आपल्या नगरपरिषदेला खेचलं होतं, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे नाहीत हे सांगून नगरपरिषदेला कर्तव्यातून सुटता येणार नाही. तुमच्यावर एवढी वेळ येईल असं मला वाटत नाही. पण कोणी ‘निधी उपलब्धतेनुसार’ असं लिहून दिलं तर रतलामचं नाव पत्रात घालायला हरकत नाही. वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

भरपाईचं तुम्ही विचारलं नाहीत. बहुतेक लाजेने. सासूबाईंच्या मोडलेल्या हाताचे पैसे मागायचे, हे आपल्याला जड जातं. तरी सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या अपघातांबद्दल आदेश दिला. मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख, जखमी झालेल्याला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. दावे बघायला समिती, नगरपरिषदेच्या बाबतीत तिच्यात मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत तो दुरुस्त करावा, असंही न्यायालयाने बजावलं आहे, आणि आवक शिक्का म्हणजे ‘लक्षात आणून दिलं’ याचा पुरावा, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. फुटकी फरशी त्या आदेशात बसते का, हे समितीने ठरवायचं. मला तरी शहरातल्या उघड्या मॅनहोलात आणि वाडीतल्या उघड्या गटारात, पाय गेलेल्या म्हातारीच्या बाजूने बघितलं तर, फरक दिसत नाही. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती बसते, तिथे सासूबाईंच्या नावाने अर्ज करा.

हा दावा मात्र फरशीच्या अर्जात मिसळू नका. फरशीचा कागद आधी, आणि तो पूर्ण वाडीचा. भरपाईचा नंतर, आणि तो सासूबाईंचा. एकत्र केलेत तर घरातले म्हणतात तेच गावही म्हणायला लागेल, की पैशांसाठी चाललंय. भरपाई मागायची की नाही हे सासूबाईंना विचारा, दिरांना नव्हे. त्या नको म्हणाल्या तर नको. पण त्या हो म्हणाल्या तर मध्ये कोणी पडू नये, तुम्हीसुद्धा.

आरतीची काळजी करू नका. भावकीत मनं तुटतात ती सातबाऱ्यावरून आणि सामाईक आंब्याच्या झाडावरून. गटाराच्या फरशीवरून आरतीला कोणी यायचं थांबल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि फरशी चतुर्थीआधी बसली तर दीर ती स्वतःच्या नावावर सांगतील, स्टेटसला फोटोही ठेवतील. ठेवू देत. खाली एक अंगठा तुमचाही द्या.

सासूबाई कोणत्या डॉक्टरकडे गेल्या ते लिहिलं नाहीत. केसपेपरवर ‘गटारात पाय जाऊन पडल्या’ असं कारण लिहिलेलं आहे का ते उद्याच बघा. नुसतं ‘पडल्याने’ असेल तर डॉक्टरांना भेटून नेमकं कारण नोंदवता येईल का ते विचारा, महिने गेले की त्यांनाही आठवणार नाही. औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा. आणि एक्स-रेची मूळ फिल्म कुठल्याही कार्यालयात देऊन येऊ नका, मागितली तर दाखवा आणि परत आणा.